हाली रुपयाचा भाव

हैदराबाद संस्थानात वाढलेल्या जुन्या माणसांना सात आणि सहाचा हिशेब शिकवावा लागत नसे. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार. औरंगाबादहून मनमाडकडे निघालेला व्यापारी असो, पुण्याला धान्य पाठवणारा अडत्या असो की मुंबईहून जहाज पकडणारा हाजी, हद्द ओलांडताना प्रत्येकाला हा हिशेब करावा लागे. मध्ये सराफ बसलेला असे. तो आपला बट्टा कापून घेई.

हा दर कुणाच्या लहरीवर ठरलेला नव्हता. कलदार रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम आणि त्यात हजारात 917 भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. चारमिनार छापाचा हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, त्यात हजारात 818 भाग चांदी, म्हणजे 9.14 ग्रॅम. आता 10.69 ला सहाने गुणा आणि 9.14 ला सातने. दोन्हीकडे उत्तर 64 च्या आसपास येते. बाजारात दर थोडा वरखाली होई, पण त्याचा पाया हा होता. ज्याला टंच ठाऊक होता, त्याला फसवणे अवघड होते.

हा हिशेब पुन्हा काढायची वेळ आमच्या घरावर मागच्या वर्षी आली. अब्बांच्या इंतकालनंतर तरक्यात घर, थोडी जमीन आणि दादांच्या अडतीच्या दुकानातला एक पत्र्याचा डबा होता. डब्यात हाली रुपये, कलदार, तांब्याचे पैसे आणि काही ओबडधोबड जाड रुपये. वारस चार: अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. शरियतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात भावाला दोन तर बहिणीला एक. म्हणजे चाळीस वाटे करायचे. पाच अम्मीचे, चौदा-चौदा आम्हा भावांचे, सात बहिणीचे. घर आणि जमिनीचा भाव गावाला माहीत असतो. डब्याचा भाव कुणाला माहीत?

एका सराफाने सगळा डबा तराजूत ओतला, सगळ्या चांदीला एकच टंच लावला, त्यातून घट वजा केली, तांबे बाजूला सारले आणि मोडीचा आकडा सांगितला. बहिणीने घरी आल्यावर विचारले, "भाई, सब सिक्के एकीच भाव के कैसे?" नेमका प्रश्न हाच होता. टंच एक धरला तर तो हालीचा धरला जातो, आणि प्रत्येक कलदारामागे एक ग्रॅमहून थोडी जास्त चांदी सराफाच्या घरात जाते. शिवाय हा हिशेब फक्त धातूचा. नाण्याचा अजून सुरूच झालेला नाही.

आपल्याकडे मुलींना तरक्यात हिस्सा देताना खळखळ होते, हे उघड गुपित आहे. जिथे हिस्सा दिला जातो तिथेही घाटा दुसऱ्या दाराने येतो. भाऊ म्हणतो, "त्या जुन्या नाण्यांचे काय येणार आहे? हे घे तुझे हजार रुपये." भाव न काढता दिलेला हिस्सा हिशेबात हिस्सा दिसतो, हातात मात्र कमी पडतो. म्हणून वारशातल्या वस्तूची खरी किंमत काढणे ही हौस नाही. वाटणी खरी की खोटी, ते त्यावरच ठरते.

फिकहच्या पुस्तकांत याला जवळचे दोन शब्द आहेत. एक 'गबन-ए-फाहिश', म्हणजे जाणकारांच्या कुठल्याही अंदाजात बसणार नाही इतकी भावातली तफावत. दुसरा 'तलक्की-ए-रुकबान'. बाहेरगावचा काफिला बाजारात पोचण्याआधीच वाटेवर त्याला गाठून स्वस्तात माल उचलण्याची रीत अरबस्तानात होती. पैगंबरांनी (स.) ती मना केली. बाजारात आल्यावर खरा भाव कळला तर सौदा मोडायचा हक्क विकणाऱ्याला दिला. मराठवाड्यात मोटारसायकलवर गावोगाव फिरून "जुनी नाणी, जुनी भांडी" अशी हाक देणारे पाहिले की मला हा मसला आठवतो. वाटेवर गाठणेच ते. फक्त आता काफिला दारात बसलेला असतो.

आता नाण्याकडे येतो. गंमत अशी की मोगलांच्या काळात भाव उलटा चाले. टांकसाळीतून त्याच वर्षी निघालेल्या रुपयाला 'सिक्का' म्हणत आणि त्याला पूर्ण मोल मिळे. एक-दोन वर्षे हातोहाती फिरलेला 'चलनी', त्याला बट्टा. आधीच्या बादशाहच्या नावाचा तो 'खजाना', त्याला आणखी बट्टा. वापराने चांदी झिजते, हे कारण होतेच. शिवाय कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जाई आणि फी भरून नवे रुपये पाडून आणी. त्यामुळे जुने नाणे पुन्हा पाडून घ्यायला लागणारा खर्च सराफ आधीच कापून घेत. नाण्यावरचे साल वाचता येणे त्या काळी सराफाचे भांडवल होते. आजही आहे, फक्त बट्ट्याच्या जागी बढती आली आहे.

वाचायचे काय? औरंगजेबाच्या रुपयाचे एक उदाहरण घेऊ. त्याने नाण्यांवरून कलमा काढून टाकला, कारण तो पाक-नापाक अशा कुठल्याही हातात जात असे. त्या जागी दोन ओळींचा शेर आला, ज्यात चांदीच्या नाण्याची तुलना पूर्ण चंद्राशी आणि सोन्याच्या मोहरेची सूर्याशी केलेली असते. मागच्या बाजूला 'सनह जुलूस', म्हणजे राज्यारोहणाचे कितवे वर्ष, आणि 'जर्ब' या शब्दाशी टांकसाळीचे नाव. भाव बऱ्याचदा याच नावात असतो. सुरतेचे रुपये ढिगाने सापडतात. लहान टांकसाळीत थोडी वर्षे पाडलेला तसाच रुपया संग्राहक अनेक पट देऊन घेतात. अडचण अशी की ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे टांकसाळीचे नाव अर्धे कापलेले असते. दोन अक्षरे आणि एका नुक्त्यावरून ओळखावे लागते.

आमच्या डब्यातल्या जाड रुपयांपैकी एकावर 'खुजिस्ता बुनियाद' हे नाव पुरेसे उमटलेले निघाले. खुजिस्ता बुनियाद म्हणजे औरंगाबाद. या शहराच्या नावावरून आपल्याकडे इतकी भांडणे झाली, पण मोगलांनी स्वतःच त्याला नाण्यावर दुसरे नाव दिले होते, हे कुणी सांगत नाही. तसेच नाशिकचे 'गुलशनाबाद', पुण्याचे 'मुहियाबाद'. मुहियाबाद-पुणे असे फारसीत लिहिलेला, मोगल बादशाहचे नाव असलेला आणि हत्तीच्या अंकुशाची खूण असलेला रुपया मोगलांचा नसतो. तो पेशव्यांच्या राज्यातला अंकुशी रुपया. मराठ्यांनी रुपये फारसीत आणि दिल्लीच्या बादशाहच्या नावाने पाडले, कारण बाजार त्याच रुपयाला ओळखत होता. फारसी दिसली की 'मुसलमानी नाणे' म्हणून वेगळी रास करणारा दुकानदार आणि 'आपल्या' नाण्यांचा ढीग करणारा विक्रेता, दोघांनाही हा अंकुश दिसत नाही.

हाली नाण्यांची मौज वेगळी. 1857 च्या उठावानंतर बहादूरशाह जफर रंगूनला गेले आणि हैदराबादच्या नाण्यावरून मोगल बादशाहचे नाव गेले. निजाम-उल-मुल्क आसफजाह हे नाव आले आणि सोबत 92 हा आकडा. हे साल नव्हे. अबजद पद्धतीने मीम 40, हे 8, मीम 40, दाल 4 असे 'मुहम्मद' या नावाचे आकडे जोडले की 92 होतात. विक्रीच्या जाहिरातींत हाच आकडा साल म्हणून छापलेला मी पाहिला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्राने पाडलेला चारमिनार छाप आला. चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर असते. 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान. ज्याला उर्दूची बाराखडी येते त्याला हे भिंग घेऊन दोन मिनिटांत कळते. आमच्या पिढीत ती अक्षरे ओळखणारे कमी झाले. 1948 नंतर मराठवाड्यात उर्दू दफ्तरातून गेली, मग बऱ्याच घरांतूनही गेली. अब्बा दुकानाच्या वह्या उर्दूत वाचत, आम्ही भाऊ जेमतेम पाटी वाचतो. बहीण उर्दू शाळेत शिकलेली. नाणी तिनेच लावली.

चांदीचे सालही पाहावे लागते. इंग्रजांच्या रुपयात 1940 पासून चांदी निम्मी झाली आणि 1947 ला रुपया निकेलचा झाला. निजामानेही युद्धाच्या त्याच काळात हाली रुपयाची चांदी निम्म्यावर आणली. सातला सहा या हिशेबात ही नाणी बसत नाहीत.

कलदारांमध्ये 1911 चा एक रुपया निघाला, आणि त्याची गोष्ट मुस्लिम वाचकांनी ऐकावी अशी आहे. पंचम जॉर्ज गादीवर आल्यावर पाडलेल्या या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्याच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. सोंड आखूड, अंग जाड. तो हत्ती नसून डुक्कर आहे अशी बोंब उठली आणि मुसलमान ते नाणे घेईनात. सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 मध्ये सोंड स्पष्ट करून नवा ठसा आणला. जे नाणे आपल्या आजोबा-पणजोबांनी हातात धरायला नकार दिला, ते त्यामुळेच 1912 च्या रुपयापेक्षा महाग झाले. तराजूत दोन्ही सारखीच.

पण जुने ते महाग हा समजही सोडावा लागतो. अठराशे वर्षांपूर्वीचे कुषाणांचे झिजलेले तांब्याचे नाणे स्वस्तात मिळते, आणि षष्ठ जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया लाखांत जातो, कारण तो अगदी थोडा बाहेर पडला. म्हणूनच दुसऱ्या सालाचा आकडा कोरून केलेले बनावट 1939 बाजारात भरपूर आहेत. दुदांडी शिवराई घराघरांत निघते, तिचे फार येत नाही. कोकणातल्या वाचकांनी मात्र आजीच्या पेटीत केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली चांदीची तार मिळाली तर ती मोडीत घालू नये. इराणच्या लार शहरावरून नाव पडलेली ती लारी असू शकते. विजापूरच्या अली आदिलशाह दुसऱ्याने तशा पाडल्या आणि दाभोळच्या व्यापारात त्या चालत.

भाव काढायचा तर नाणी धुऊ नयेत. चिंच, लिंबू, राख, पितांबरी काहीच नको. काळपट थर गेला की संग्राहक अर्धा भावही देत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो आणि प्रत्येकाचे वजन लिहून ठेवले की अर्धे काम होते. दुकानदाराने मागितलेल्या किमती पाहण्यात अर्थ नाही, प्रत्यक्ष लिलावात काय मिळाले ते पाहावे. मोठ्या लिलावांचे निकाल उघड असतात. त्यातून दलाली वजा करायची. दुकानदार कमीच देणार, कारण त्यालाही ते विकायचे आहे, त्यात गैर काही नाही. लिलाव आपल्या परंपरेला परका नाही. पैगंबरांनी (स.) एका गरजू माणसाचे अंथरूण आणि प्याला "कोण जास्त देतो?" असे विचारून विकल्याची रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. खोटी बोली लावून भाव फुगवणे, म्हणजे 'नजश', मात्र मना आहे. आपल्याच चुलतभावाला बोली लावायला बसवण्याआधी हे आठवावे.

कायदाही बघावा. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून परवाना असलेल्याशीच व्यवहार करावा. जमिनीत सापडलेल्या हंड्याची गोष्ट वेगळी. तिथे 1878 चा निखात निधी कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. फोनवर "रिझर्व्ह बँक तुमचे नाणे लाखाला घेईल, आधी फी भरा" असे सांगणारा ठग असतो. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर सांगितले आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

आमची वाटणी रमजानच्या आधी झाली. साधे हाली आणि कलदार चांदीच्या भावाने गेले, पण टंच वेगवेगळे लावून आणि दोन दुकाने फिरून. 1911 चा रुपया आणि खुजिस्ता बुनियादचा रुपया लिलावात पाठवले. बहिणीने आपल्या सात वाट्यांपैकी काहींच्या बदल्यात 'मीम'चे दोन रुपये मागून घेतले, लावलेल्या भावानेच. आणखी एका जाड रुपयाच्या टांकसाळीची दोन अक्षरे अजून लागलेली नाहीत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे तो दाखवायचा आहे. तोवर तो अम्मीच्या कपाटात आहे आणि त्याचे चाळीस वाटे अजून बाकी आहेत.