कार्यालयातील व्हर्च्युअल मशीन क्लाउडवर नेताय? आधी सॉफ्टवेअरचा परवाना तपासा

हे पान कोणासाठी?
मुद्रा किंवा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) यांतून कर्ज घेऊन व्यवसाय उभारणारे लघुउद्योजक, बचत गटांचे संघ आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्यासाठी. आपले हिशेब, साठा व बिले कार्यालयातील सर्व्हरवर असतील आणि तो क्लाउडवर हलवण्याचा विचार असेल, तर पैसे भरण्यापूर्वी हे पान वाचा.

थोडक्यात
व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. तो फाइलच्या स्वरूपात साठवलेला असतो, म्हणून क्लाउडवर नेणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असते. मात्र त्यातील सॉफ्टवेअर नव्या जागी चालवण्याची परवानगी आपोआप सोबत जात नाही. परवाना तपासला नाही, तर एकाच सॉफ्टवेअरचे पैसे दोनदा भरावे लागतात किंवा ऐन विवरणपत्र भरण्याच्या दिवशी हिशेब उघडत नाहीत.

कोणता परवाना नेता येतो?

- संगणकासोबत आलेले विंडोज (ओईएम परवाना): हा परवाना त्या संगणकाशीच बांधलेला असतो. तो क्लाउडवर नेता येत नाही.
- विंडोज सर्व्हर: अ‍ॅमेझॉन किंवा गूगलच्या सामायिक क्लाउडवर आपला जुना परवाना वापरता येत नाही. तेथे परवान्याचे शुल्क भाड्यातच धरलेले मशीन घ्यावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर क्लाउडवर जुना परवाना चालतो, पण त्यावर ‘सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स’ हा करार चालू असावा लागतो किंवा परवाना सबस्क्रिप्शन पद्धतीचा असावा लागतो. स्टँडर्ड आवृत्ती असल्यास स्थलांतरासाठी १८० दिवस दोन्ही ठिकाणी वापराची मुभा असते. त्यानंतर एकच जागा निवडावी लागते.
- एसक्यूएल सर्व्हर: सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स चालू असल्यास हा परवाना इतर कंपन्यांच्या क्लाउडवरही नेता येतो. कोअरनुसार परवाना घेतल्यास प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसाठी किमान ४ कोअरचे परवाने लागतात, मशीन २ कोअरचे असले तरीही.
- टॅली: परवाना ज्या संगणकावर सक्रिय केला त्याच्याशी जोडलेला असतो. जुन्या मशीनवर तो आधी ‘सरेंडर’ करा आणि मग नव्या मशीनवर सक्रिय करा. सिल्व्हर परवाना एकाच वापरकर्त्यासाठी असतो.
- उबुंटू, डेबियन, लिब्रेऑफिस: यांना परवाना शुल्क नाही. क्लाउडवर नेण्यास अडचण येत नाही.

रिमोट डेस्कटॉपबाबत विशेष सूचना
क्लाउडवरील विंडोज सर्व्हर कर्मचारी रिमोट डेस्कटॉपने उघडतात. देखभालीसाठी एका वेळी दोन जोडण्या मिळतात. रोजच्या कामासाठी मात्र प्रत्येक वापरकर्त्याचा किंवा उपकरणाचा वेगळा परवाना लागतो. ही सेवा बसवल्यावर सुरुवातीचे १२० दिवस ती परवान्याशिवायही चालते. त्यामुळे सर्व ठीक आहे असे वाटते आणि मुदत संपताच जोडणी बंद पडते. पुरवठादाराच्या दरपत्रकात हा परवाना धरला आहे का, ते पाहा.

नेण्यापूर्वी काय कराल?

१. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनमधील सॉफ्टवेअरची यादी करा: नाव, आवृत्ती, खरेदीची तारीख, वापरकर्त्यांची संख्या.
२. प्रत्येकाचे बिल व परवानापत्र शोधा. बिल नसेल, तर विक्रेत्याकडून प्रत मागवा.
३. परवाना क्लाउडवर चालेल का, हे सॉफ्टवेअर कंपनीला ई-मेलने विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.
४. क्लाउड पुरवठादाराकडून दोन दरपत्रके घ्या: परवान्यासह आणि परवान्याशिवाय. वस्तू व सेवा कर (जीएसटी) धरून वर्षाचा खर्च काढा.
५. माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. प्रत उघडते याची खात्री करूनच टॅलीचा परवाना सरेंडर करा.
६. महिनाअखेर व विवरणपत्राच्या मुदतीचे दिवस टाळा.

जुन्या संगणकाचे काय?
कर्जातून घेतलेला संगणक बँकेकडे तारण असतो. बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तो विकू नका. पीएमईजीपीमध्ये अनुदानाची रक्कम ३ वर्षे मुदत ठेवीत राहते आणि उद्योगाची प्रत्यक्ष पडताळणी होते. त्यामुळे सर्व्हर क्लाउडवर गेल्याची नोंद व बिले जपून ठेवा. जुन्या डिस्कवरील हिशेबही घाईने पुसू नका. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंत्रज्ञ म्हणतो, ‘क्रॅक’ टाकून देतो. चालेल का?
नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-बनुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापरणारा तंत्रज्ञ नसून आपण असता, हे ध्यानात ठेवा.

परवाना नेता येत नसेल, तर क्लाउडचा विचार सोडावा का?
तसे नाही. शुल्क भाड्यात धरलेले मशीन महिन्याच्या हिशेबाने घेता येते. काम कमी असेल, तर नव्या परवान्यापेक्षा ते स्वस्त पडू शकते. दोन्ही दरपत्रके समोर ठेवून ठरवा.

सावधान: परवान्याचा क्रमांक, सक्रियकरण कळ किंवा ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका. परवाना क्लाउडवर नेऊन देण्याच्या नावाखाली अनोळखी व्यक्तीने पैसे मागितल्यास देऊ नका. आर्थिक फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवा.