खतपत्रापासून समुपदेशनापर्यंत : सातारा-सांगलीतील शेतकऱ्याची विवंचना आणि सरकार

सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या विवंचनेची दखल इंग्रज सरकारने घेतली ती कर्जाचा प्रश्न म्हणून. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांची खतपत्रे, म्हणजे कर्जरोखे, जाळली गेली, त्या उठावाच्या चौकशीतून १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि तो आरंभी ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला, त्यांत सातारा होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवा व खानापूर तेव्हा साताऱ्यातच मोडत, मात्र सांगली, मिरज, जत ही संस्थाने असल्याने तेथील रयत या कायद्याबाहेर राहिली. या कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा मूळ व्यवहार उकलून मुद्दल व व्याज तपासण्याचा अधिकार मिळाला, तसेच कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्यास बंदी आली; न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली पुणे-साताऱ्यात न्यायदानाच्या देखरेखीचे काम केले. कैदेची धास्ती सरणे हा मनाला मिळालेला मोठाच दिलासा होता, परंतु सरकारी विचारात मनाला जागा नव्हती. १८८३ व १८८४च्या कायद्यांनी विहीर, बी-बियाणे, बैल यांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, देण्याची व्यवस्था केली, तीही त्याच चाकोरीतली होती.

स्वातंत्र्यानंतर १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ साली त्याचा जिल्हा कार्यक्रम सुरू झाला, पण तो सर्वसाधारण रुग्णांसाठी होता. खास शेतकऱ्याच्या मनासाठी राज्याने पैसा दिला तो २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन ताणाखालील माणूस हेरावा, त्याला समुपदेशन, म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीशी मोकळेपणी बोलून मिळणारा आधार, आणि गरजेनुसार उपचार मिळावेत, अशी त्याची रचना होती. तो विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांपुरता आखला गेला. आत्महत्यांची संख्या पाहता ती निवड समजण्याजोगी होती. पण ऊस, द्राक्ष व सहकार यांमुळे सधन समजल्या जाणाऱ्या सातारा-सांगलीच्या पोटात माण, खटाव, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके आहेत, ही गोष्ट त्या निकषात बसली नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागेवर छाटणीपासून औषधफवारणीपर्यंत मोठी रक्कम आधीच उभी करावी लागते. ऐन हंगामात अवकाळी पाऊस झाला, की बागेबरोबर सोसायटीचे कर्ज व गावातली पत दोन्ही अडचणीत येतात, आणि चारचौघांत सधन ठरलेल्या बागायतदाराला आपली नड बोलून दाखवणे अधिकच जड जाते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णाकाठचा ऊस कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, तेव्हाही नुकसानीची मोजदाद पंचनाम्यात पिकांच्या क्षेत्रावरूनच झाली. १० ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य मानसिक आरोग्य सेवा देशभर चालते आणि तिला जिल्ह्याच्या सीमा नाहीत, तथापि दूरध्वनी उचलून बोलण्याचा पुढाकार तिथे शेतकऱ्यानेच घ्यावा लागतो, जो भार ‘प्रेरणा’ने आशा कार्यकर्तीवर सोपवला होता.