दीड सेंटिमीटरची अट

टोकियोच्या त्सुकिजी भागातल्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राची स्थापना १९६२ची. त्याच्या मोठ्या वाटचालीतला एकच धागा इथे घेतला आहे: स्तनातली गाठ कापून न काढता उष्णतेने जागच्या जागी नष्ट करण्याचा.

रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन हे तंत्र यकृताच्या गाठींसाठी आधीपासून वापरात होते. सोनोग्राफीवर बघत सुईसारखा इलेक्ट्रोड गाठीच्या मध्यातून घालायचा आणि उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडायचा. ऊतींमधले आयन थरथरू लागतात आणि त्या घर्षणाने गाठ आतूनच तापते. वरची कातडी भाजू नये म्हणून मधल्या जागेत ग्लुकोजचे द्रावण टोचतात, बाहेरून बर्फ लावतात.

केंद्रातल्या डॉ. ताकायुकी किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र स्तनाच्या गाठींवर आणताना आधी खात्री करून घेतली. पहिल्या अभ्यासात गाठ तापवली आणि नंतर नेहमीसारखी कापूनही काढली. नुकत्याच भाजलेल्या पेशी साध्या तपासणीत धडधाकट भासू शकतात, म्हणून पेशींतली विकरे अजून काम करतात का, हे दाखवणारी वेगळी चाचणीही केली. त्या स्त्रियांची शस्त्रक्रिया काही टळली नाही. पुढच्या स्त्रियांची टळावी म्हणून त्यांनी संमती दिली, आणि या वाटचालीतला सर्वांत मोठा वाटा मला त्यांचाच वाटतो.

स्तनाचा आकार शाबूत आणि व्रण जवळपास नाही, याचे आकर्षण कोणालाही वाटेल. ठोस पुरावा हाती येण्याआधीच जपानमध्ये या उपचाराचा वापर वाढू लागला, तेव्हा २०१०मध्ये तिथल्या स्तनकर्करोग संघटनेने तो संशोधनाच्या चौकटीतच करावा, असे बजावले. हा संयम योग्यच होता. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा संस्थांच्या जुन्या नोंदींत दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये त्याच स्तनात पुन्हा रोग उद्भवण्याचे प्रमाण २.३ टक्के होते, त्याहून मोठ्या गाठींमध्ये ते १० टक्के निघाले.

तोवर केंद्राच्या पुढाकाराने ‘रफाएलो’ चाचणी उभी राहिली होती. २०१३पासून नऊ रुग्णालयांतल्या ३७२ स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. अट कडक होती: एकच गाठ, दीड सेंटिमीटरपर्यंतची, आणि काखेतल्या ग्रंथींत रोगाचा प्रसार नाही. उष्णतेनंतर रेडिएशन होतेच. शिवाय गाठीच्या जागेचा पुन्हा तुकडा घेऊन काही जिवंत उरले आहे का, तेही पाहिले गेले. गाठ बाहेर येत नसल्याने तिच्या कडा तपासता येत नाहीत. या पद्धतीची ही उणीव भरून काढायला एवढी दक्षता हवीच.

डिसेंबर २०२३मध्ये जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात या उपचाराचा समावेश झाला. दीड सेंटिमीटरची अट मात्र कायम राहिली. गाठ त्याहून मोठी किंवा एकाहून अधिक ठिकाणी असेल, तर आजही शस्त्रक्रियाच करतात.