कावीळ : कोल्हापूर परिसरातील साथी

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांत आढळणारे लक्षण आहे. पित्तारुण हे पिवळे रंगद्रव्य रक्तात साचले म्हणजे डोळे, त्वचा व मूत्र पिवळे दिसू लागतात. प्रौढ व्यक्तीचे यकृत सु. १.५ किग्रॅ. वजनाचे असून जीर्ण तांबड्या कोशिकांच्या विघटनातून आलेले पित्तारुण विद्राव्य करून पित्तावाटे आतड्यात सोडणे, हे त्याच्या असंख्य कार्यांपैकी एक होय. रक्त गोठण्यास लागणारी बहुतेक प्रथिनेही तेथेच तयार होतात. म्हणून गंभीर यकृतविकारात रुग्ण पिवळा पडतो, तसाच त्याचा रक्तस्रावही थांबेनासा होतो.

चरकसंहितेत या लक्षणाचे वर्णन ‘कामला’ या नावाने येते. पित्ताचा मार्ग अडला असता मळ वाटलेल्या तिळांसारखा फिकट होतो, हे तीत नोंदलेले निरीक्षण आजही निदानास उपयोगी पडते. लोकव्यवहारात मात्र कावीळ ‘उतरविण्या’ची प्रथा रूढ झाली. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखविणे, गळ्यात माळ घालणे, देवडांगरीच्या फळाचा रस नाकात सोडणे हे तिचे नेहमीचे प्रकार होत. या रसाने नाकातून वाहणारा पिवळा स्राव म्हणजे दाह झालेल्या श्लेष्मल त्वचेचा स्राव होय. पित्ताशी त्याचा संबंध नाही. व्हायरसजन्य कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते व श्रेय माळेला मिळते. ज्यांची बरी होत नाही, त्यांचा वेळ मात्र वाया जातो.

कोल्हापूर शहरात १९८१ साली दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली. तिचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केला व तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढील प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नव्हता. पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे ए-व्हायरसचा यकृतशोथ, असे तोवर धरून चालण्यात येई. दिल्लीत १९५५–५६ च्या हिवाळ्यात यमुनेचे दूषित पाणी नळांतून गेल्यामुळे सु. २९,००० लोकांना कावीळ झाली, तेव्हाही तसेच मानले गेले होते. परंतु येथील बहुतेक मुलांना ए-व्हायरसचा संसर्ग बालपणीच, अनेकदा न कळत, होऊन गेलेला असे व त्यांना कायमची रोगप्रतिकारक्षमता लाभलेली असे. मग ऐन तारुण्यातील माणसे एवढ्या संख्येने आजारी का पडावीत?

उत्तर साठवून ठेवलेल्या रक्तरसांत होते. दिल्लीच्या व १९७५–७६ मधील अहमदाबादच्या साथींतील नमुने तपासले असता ए व बी या दोन्ही व्हायरसांचा ताजा संसर्ग कारणीभूत नसल्याचे १९८० मध्ये दाखविण्यात आले. त्याच वर्षी काश्मीरमधील १९७८ च्या साथीविषयी खुरू यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. कोल्हापूरची साथही याच ‘ए नव्हे, बी नव्हे’ वर्गात बसली. १९८३ मध्ये मॉस्को येथे बालायान यांनी रुग्णांच्या मळाचा अर्क स्वतः प्राशन केला, आजार ओढवून घेतला आणि आपल्याच मळात व्हायरसाचे कण पाहिले. या व्हायरसाला पुढे ‘ई’ हे नाव मिळाले.

ई-व्हायरसाची लागण साधारणतः सौम्य असते. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाल्यास पाचांपैकी एखादी स्त्री दगावू शकते. हे असे का घडते, याचा पुरता उलगडा झालेला नाही. या साथींची खरी किंमत त्यामुळे एकूण रुग्णसंख्येवरून मोजता येत नाही. दुसरी अडचण परिपाककालाची आहे. तो दोन ते नऊ आठवडे, सरासरीने सु. सहा आठवडे असल्याने डोळे पिवळे दिसू लागतात तेव्हा पाणी दूषित होऊन महिना उलटलेला असतो. त्या वेळी घेतलेला पाण्याचा नमुना निर्दोष ठरू शकतो आणि त्यावर विसंबून जबाबदारी नाकारणेही सोपे जाते.

पंचगंगा नदी कोल्हापूरचे सांडपाणी घेऊन पूर्वेस इचलकरंजीकडे जाते. या दोन शहरांच्या दरम्यान करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी व तिच्या परिसरातील दाट वस्तीची गावे आहेत. गावाची वस्ती शहरासारखी वाढते आणि गटारे मात्र खेड्याचीच राहतात, अशा ठिकाणी जलवाहिनी व सांडपाणी एकमेकांच्या जवळ येतात. जलवाहिनीतील दाब पाणी बंद असण्याच्या काळात उतरला की गळक्या सांध्यातून बाहेरील घाण आत ओढली जाते. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली, काही रुग्ण दगावले व नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. कोल्हापूर शहरात काळम्मावाडी धरणातील पाणी थेट नळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोहोचले. नदीच्या खालच्या अंगाच्या गावांना त्याचा उपयोग नाही. ई-व्हायरसावरील लस चीनमध्ये २०११ साली मान्य झाली असली, तरी भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही. साथीच्या काळात उकळलेले पाणी आणि गरोदर स्त्रीला कावीळ दिसताच विलंब न लावता रुग्णालयात नेणे, एवढेच उपाय घरात हाती असतात.