ऐकणाऱ्यांची यादी

सोळा ओळींच्या कवितेपायी ओसिप मांदेलश्ताम तुरुंगात गेला, हे कॉलेजात असताना वाचलं तेव्हा मला कवीच्या धाडसाचं भारी कौतुक वाटलं होतं. आता जास्त विचार येतो तो ज्यांनी ती कविता ऐकली त्यांचा.

नोव्हेंबर १९३३. मांदेलश्तामने स्टालिनच्या बोटांची, मिशांची, भोवतीच्या हुजऱ्यांची टर उडवणारी कविता रचली. कागदावर उतरवली नाही, मॉस्कोत ओळखीच्यांना म्हणून दाखवली. म्हणजे ऐकणाराही गुन्ह्यात सामील. पास्तरनाकने तर सरळ सांगितलं म्हणे, की मी काही ऐकलं नाही आणि तुम्ही काही म्हटलं नाहीत.

मे १९३४ मध्ये पोलीस आले. त्या रात्री लेनिनग्राडहून आलेली कवयित्री आना अख्मातोवा त्यांच्या घरीच होती. पुढे लुब्यांकातल्या चौकशीत मांदेलश्तामने ती कविता स्वतःच्या हाताने लिहून दिली. जी घरी कधी लिहिली नाही, ती पोलिसांच्या फायलीत त्याच्या अक्षरात राहिली! त्याने ऐकणाऱ्यांची नावंही सांगितली. त्यात बायको होती, भाऊ होता, अख्मातोवा होती, तिचा मुलगा लेव गुमिल्योव होता. मला यात त्याला दोष देता येत नाही. त्या खोलीत आपण काय केलं असतं, हे खुर्चीत बसून ठरवू नये.

त्याला हद्दपारी झाली. १९३८ मध्ये पुन्हा अटक, आणि २७ डिसेंबरला व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मृत्यू. त्याची बायको नादेझ्दा कापडगिरणीत रात्रपाळी करताना यंत्रांच्या खडखडाटात त्याच्या कविता पुटपुटत राहायची, विसरू नयेत म्हणून.

लेवलाही १९३५ मध्ये पकडून सोडलं होतं. १९३८ मध्ये पुन्हा उचललं. मग अख्मातोवा सतरा महिने तुरुंगाबाहेरच्या रांगांमध्ये उभी राहिली. भोवती सगळ्या तिच्यासारख्याच बायका, कुणाचा नवरा आत, कुणाचा मुलगा. ‘रेक्विएम’ या तिच्या कवितामालिकेत या रांगा आहेत.

पण ठेवायची कुठे? घराची झडती कधीही होईल, भिंतींना कान असतील. लिदिया चुकोव्स्काया भेटायला आली की अख्मातोवा मोठ्याने चहाचं विचारायची, हवेबद्दल बोलायची आणि बोलता बोलता चिठोऱ्यावर ओळी खरडायची. लिदियाने मुकाट्याने वाचायचं, पाठ करायचं, चिठोरं परत द्यायचं. मग काडी, अ‍ॅशट्रे, राख. आपण आवडलेल्या ओळींचा स्क्रीनशॉट काढतो आणि विसरून जातो (मी तर नक्कीच). लिदियाला विसरायची सोय नव्हती. तिचा स्वतःचा नवरा, भौतिकशास्त्रज्ञ मात्वेई ब्रोनश्टाइन, याला फेब्रुवारी १९३८ मध्येच गोळी घातली होती आणि तिला ते बराच काळ कळवलंही नव्हतं. मित्राच्या जिवाला धोका होईल अशी गोष्ट मैत्रिणीच्या डोक्यात ठेवायची, हे अख्मातोवाला जड गेलं असणार. पण दुसरी जागा नव्हती.

‘रेक्विएम’ पहिल्यांदा पूर्ण कागदावर आलं १९६२ मध्ये. पुढच्या वर्षी ते म्युनिकमध्ये छापलं, अख्मातोवाला न विचारता. १९६६ मध्ये ती गेली. सोव्हिएत देशात ते छापायला १९८७ उजाडलं. लिदिया तेव्हा ८० वर्षांची होती.