चरणी तत्पर

परळीच्या वैजनाथाचं आजचं मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केलेल्या जीर्णोद्धाराचं. एवढं दगडकाम उभं करून देणाऱ्या या बाईची हुकुमांवरची सही मात्र 'श्रीशंकर' एवढीच. राज्य शंकराचं, आपण कारभारी. म्हणून आपलं नावच घालायचं नाही.

हे वळण घरातलंच. सासरे मल्हाररावांच्या शिक्क्यात ते म्हाळसाकांताच्या, म्हणजे खंडोबाच्या, 'चरणी तत्पर' आहेत. शिंद्यांच्या शिक्क्यात त्याच जागी ज्योतिबा. आधी दैवत, मग 'चरणी तत्पर', मग बापाचं नाव, आपलं नाव आणि यमक जुळवायला 'निरंतर'. उत्तरेत चौथाई वसूल करणारे हे सरदार कागदावर देवाच्या पायाशी बसतात. मला यात निव्वळ भक्ती दिसत नाही. मोठ्याच्या पायाशी जागा मिळणं हाही मानच होता, आणि तो शिक्का मारून जगाला कळवला जाई.

'तत्पर' त्याआधी रायगडावर भेटतो. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' आणि पुढे गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव. भिंत सोडून पायरी निवडली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय नावाला लागणारच. त्याच्याही मागे, पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात (1273 ते 1277), देणाऱ्यांची नावं आणि रकमा नोंदलेल्या आहेत. तिथे जमाखर्चाचा रोखठोकपणा आहे.

स्वतःला खाली ठेवून द्यायची रीत आपलीच नाही. चिनी लेखक पुस्तक भेट देताना 'कुऱ्हाडीने दुरुस्त करावे' असं लिहितो. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ च्वांगत्सच्या ग्रंथात एक कारागीर एका माणसाच्या नाकावरचा चुन्याचा ठिपका कुऱ्हाड फिरवून उडवतो, नाकाला इजा न करता; ही विनंती त्या गोष्टीतून आली. वाचकाला असा कसबी ठरवलं की लेखक आपोआप लहान होतो.

आपल्याकडे शिक्के गेले, पण पत्रांच्या मायन्यातलं 'यांजकडून' टिकलं. बोलताना ते कुणी वापरत नाही. लग्नाच्या आहेरातल्या स्टीलच्या डब्यावर, देवळातल्या बाकावर, पंख्याच्या पात्यावर मात्र ते हमखास असतं: अमुक यांजकडून सप्रेम भेट. गेलेल्या माणसासाठी 'स्मरणार्थ'. भांड्यावर नाव घालणारा दुकानदार अक्षरांवर पैसे घेतो, तरी हे जुनं 'यांजकडून' कुणी गाळत नाही.