सहा इंचांची गोष्ट

जुनी प्रवासी बस विकत घेऊन तिचं फिरतं घर करण्याचा छंद अमेरिकेत अनेकांना आहे. लेकीकडे गेलो असताना अशा दोन बसगाड्या मी शेजारी शेजारी उभ्या पाहिल्या.

जुनी होती जनरल मोटर्सची ‘पीडी-४१०४’. हे मॉडेल १९५३ साली आलं. रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्राच तिचा भार पेलतो, त्यामुळे नवं दार कापताना दहादा विचार करावा लागतो. रुंदी ९६ इंच. दुसरी १०२ इंचांची. १९८२च्या कायद्यानं आंतरराज्य महामार्गांवर एवढ्या रुंद बसना वाट मोकळी झाली. सहा इंच म्हणजे काय मोठंसं? पण तेवढ्यानंच ओटा आणि बाकड्यामधून अंग न चोरता जाता येतं.

जुनीचं इंजिन डिझेलचं, टू-स्ट्रोक, इलेक्ट्रॉनिक्सविना चालणारं. ‘बिघाड मला कानानं कळतो,’ तिचे मालक म्हणाले. नवीचं इंजिन संगणकाच्या ताब्यात. बिघाड शोधायलाही यंत्र जोडावं लागतं.

‘मग ही का घेतली?’ मी दुसऱ्या गृहस्थांना विचारलं.

‘पहिली माझीही अरुंदच होती. हिच्यात बायको सोबत यायला तयार झाली.’

जुन्या गाडीचे मालक हसले. ते एकटेच फिरत होते.